टांचेमागची कंडरा

गेल्या चार अंकांत या सदराची जागा रिकामी राहिली, आणि संपादकांनीं ‘लेखकाची प्रकृति अस्वस्थ’ एवढीच ओळ छापून वेळ निभावून नेली. कित्येक वाचकांनीं आपुलकीनें पत्रें घातलीं. एका भगिनींनीं तर कसल्याशा चूर्णाच्या चार पुड्याहि पाठविल्या. त्या सर्वांस निरनिराळें उत्तर लिहिणें माझ्याच्यानें झालें नाहीं. तें उत्तर येथेंच द्यावें असें योजिलें आहे. कारण मला झालेलें दुखणें पन्नाशी-साठी उलटलेल्या कोणाहि माणसास एखाद्या साध्या पायरीवर गांठूं शकतें, आणि घरांतील सारीं शहाणीं माणसें मिळून त्यास ‘लचक’ म्हणून मोकळीं होतात. आमच्या घरीं तसेंच झालें.

गेल्या वर्षीं कार्तिकांत आम्ही घरचीं सातआठ माणसें मेहकराहून लोणारास गेलों होतों. गोमुखाच्या धारेचें दर्शन झालें, मुलांच्या आग्रहाखातर सरोवराकडे उतरलों, आणि दुपार कलल्यावर पुन्हां वर चढूं लागलों. डावें पाऊल टेकून अंग वर उचलण्याच्या क्षणीं टांचेच्या वर, पाठीमागच्या बाजूस, फट् असा आवाज झाला आणि कोणीं नेम धरून दगड हाणावा तसा प्रहार लागला. मीं वळून पाहिलें. दोन पायऱ्या मागें पुतण्याचा नऊ वर्षांचा मुलगा उभा, आणि त्याच्या मुठींत वाटेंत गोळा केलेले खडे! बत्तीस वर्षें मास्तरकी केलेल्या माणसास याहून अधिक पुरावा कशाला हवा? मीं त्याच्या अंगावर खेकसलों. “आबा, मीं नाहीं मारला,” असें तो रडत रडत म्हणाला, तेव्हां “वर खोटें बोलतोस?” म्हणून आणखी एक वाग्बाण सोडला. त्या दिवशीं गाडींत तो माझ्याजवळ बसला नाहीं.

घरीं आल्यावर उपचारांस तोटा नव्हता. हळदीचा लेप झाला, मिठाच्या पाण्याचा शेक झाला, एरंडाचीं पानें बांधून झालीं. तिसऱ्या दिवशीं एक प्रसिद्ध मालिशवाले आणविले. त्यांनीं पोटरीपासून टांचेपर्यंत असा हात चालविला कीं माझ्या डोळ्यांपुढें काजवे चमकले. सूज आठ-दहा दिवसांत ओसरली. दुखणेंहि पुष्कळ कमी झालें, आणि हीच मोठी फसवणूक. “दवाखान्यांत दाखवावें कीं काय?” असें मीं म्हटलें, त्यावर आमच्या वहिनींनीं निर्णय दिला: “भाऊजी, पाऊल तर वरखालीं हालतें आहे, मग मोडलें कोठें?” हा युक्तिवाद मला इतका बिनतोड वाटला कीं मीं पुढें विचारच सोडून दिला. मात्र चालतांना पाय मागें राही. जिना चढतांना डावें पाऊल ढिलें पडे. फडताळाच्या वरच्या फळीवरचा कोश काढण्यासाठीं चवड्यांवर उभें राहूं गेलों कीं डावी टांच जमीन सोडीतच नसे. असें करतां करतां फाल्गुन उजाडला.

वहिनींचा तर्क चुकला कोठें, हें समजण्यासाठीं पायाची रचना थोडी पाहिली पाहिजे. पोटरींत दोन मोठे स्नायु आहेत. एक वरचा, दोन डोक्यांचा, गुडघ्याच्याहि वरून निघणारा. दुसरा त्याच्या खालीं चपटा पसरलेला. हे दोघे खालीं येतां येतां एकवटतात, आणि त्यांची मिळून एक जाड, पांढरी, चिवट दोरी होते. ती टांचेच्या हाडास मागून चिकटलेली असते. हीच ती कंडरा. लांबी सुमारें १५ सेंटिमीटर. सबंध शरीरांत हिच्याएवढी जाड आणि बळकट कंडरा दुसरी नाहीं, आणि धांवतांना हिच्यावर अंगाच्या वजनाच्या कित्येक पट ताण पडतो. तरीहि टांचेच्या वर दोन ते सहा सेंटिमीटरांच्या पट्ट्यांत हिला रक्ताचा पुरवठा बेताचाच असतो, आणि बहुधा ती तुटते ती तेथेंच.

माझ्या बाळपणीं आमच्या मळ्यांत मोट होती. मोटेस दोन दोर असतात, हें जुन्या वाचकांस सांगावयास नको. चाकावरून जाणारा जाड नाडा सारा भार ओढतो, आणि खालच्या रुळावरून जाणारा बारीक सोंदूर मोटेची सोंड संभाळतो. पोटरीचे स्नायु म्हणजे बैल, ही कंडरा म्हणजे नाडा, आणि टांच म्हणजे मोट. परंतु टांचेच्या आजूबाजूनें आणखी चारपांच बारीक दोर पावलांत उतरतात. कोणी बोटें वळवितो, कोणी पाऊल आंत ओढतो, कोणी बाहेर. नाडा तुटला तरी हे सोंदूर शाबूत असतात, म्हणून बिछान्यावर पडल्या पडल्या पाऊल खालीं वळतें. सोंदुरानें रिकामी मोट हालेल. भरलेली मोट विहिरींतून वर येणार नाहीं. वहिनींनीं रिकामी मोट हालतांना पाहिली होती. आणि हा दोष केवळ त्यांचा नव्हे. जाणते डॉक्टरहि घाईंत असले तर पहिल्या तपासणींत सुमारें पांचांतील एका रोग्याच्या बाबतींत फसतात, असें वैद्यकाचे ग्रंथ कबूल करतात.

आमच्या प्राचीनांस या दोऱ्यांची ओळख नव्हती असें कोणीं समजूं नये. सुश्रुताच्या शारीरस्थानांत सोळा कंडरा सांगितल्या आहेत, त्यांपैकीं चार पायांच्या; आणि गृध्रसी नांवाच्या वातव्याधीचें वर्णन करतांना टांचेकडून बोटांकडे जाणाऱ्या कंडरेचा त्यानें स्पष्ट उल्लेख केला आहे. टांचेस संस्कृतांत पार्ष्णि म्हणतात. राजनीतींत पाठीमागून हल्ला करणाऱ्या शत्रूस ‘पार्ष्णिग्राह’, म्हणजे टांच धरणारा, अशी संज्ञा आहे. ती मीं विद्यार्थ्यांस किती वेळां समजावून दिली असेल, परंतु तिचा अर्थ लोणारच्या पायरीवर प्रथम कळला. पाश्चात्त्यांनीं या कंडरेस अकिलीझ या ग्रीक वीराचें नांव दिलें आहे. त्याच्या आईनें त्यास टांचेस धरून स्टिक्स नदींत बुडविलें, म्हणून तेवढी टांच वेध्य राहिली, अशी ती कथा. गंमत अशी कीं होमराच्या काव्यांत ही टांचेची कथा नाहीं; ती पुढें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत स्टेशियस या रोमन कवीनें सांगितली. आमच्या मौसलपर्वांत जरा नांवाच्या व्याधाचा बाण श्रीकृष्णाच्या पावलासच लागतो, याचें स्मरण येथें कोणास होणार नाहीं? अकिलीझचें नांव या दोरीस चिकटविलें तें फर्हायन नांवाच्या फ्लेमिश शरीरशास्त्रज्ञानें, १६९३ सालच्या आपल्या ग्रंथांत. आणि लंडनचा विख्यात शल्यविशारद जॉन हंटर याची स्वतःचीच ही कंडरा १७६७ सालीं तुटली. त्या माणसानें रडत न बसतां कुत्र्यांच्या कंडरा छेदून त्या कशा सांधतात याचे प्रयोग केले. मीं मात्र चार महिने एरंडाचीं पानें बांधलीं.

अखेर शहरांतील अस्थिशल्यविशारदांकडे जावें लागलें. त्यांनीं मला पहिलाच प्रश्न असा केला, “गुरुजी, त्या वेळीं मागून कोणीं दगड मारल्यासारखें वाटलें काय?” मी चकित झालों. ते हंसून म्हणाले, “निम्मे रोगी मागें वळून कोणावर तरी रागावतात.” तपासणी पुढें दहा मिनिटें चालली, परंतु माझें लक्ष तिच्यांत नव्हतें. त्या पोराच्या मुठींतले खडे डोळ्यांपुढून हालेनात.

त्यांनीं केलेली परीक्षा इतकी सोपी आहे कीं ती प्रत्येक घरांत ठाऊक असावी. रोग्यास पलंगावर पालथें निजवावें आणि दोन्ही पावलें पलंगाच्या कडेबाहेर लोंबतीं ठेवावीं. मग पोटरी मुठींत धरून हलकेच दाबावी. चांगल्या पायाचें पाऊल दाबासरशीं खालच्या बाजूस वळतें. कंडरा तुटली असेल तर पाऊल जागचें हालत नाहीं. दोन्ही पाय दाबून पाहिले म्हणजे फरक लहान मुलासहि दिसतो. सिमंड्स या इंग्रज शल्यविशारदानें १९५७ सालीं व टॉम्प्सन या अमेरिकन शल्यविशारदानें १९६२ सालीं ही परीक्षा लिहून ठेविली. नंतर सोनोग्राफी किंवा एम्. आर्. आय्. करून तुटलेल्या टोंकांमधलें अंतर मोजतात. पण संशय येण्यास एक मूठ पुरे.

पहिल्या आठवड्यांत मी गेलों असतों तर काम स्वस्तांत होतें. ताज्या दुखापतींत पाऊल खालीं वळवून प्लास्टरांत किंवा पट्ट्यांच्या बुटांत ठेविलें, तर तुटलेलीं टोंकें एकमेकांजवळ येऊन आपोआप सांधतात. अथवा शस्त्रक्रियेनें टोंकें शिवून टाकतात. कोणता मार्ग बरा, यावर शल्यविशारदांत पुष्कळ वर्षें वाद आहे. नॉर्वे देशांत पांचशेंवर रोग्यांवर केलेला एक अभ्यास २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत वर्षाअखेर दोन्ही प्रकारच्या रोग्यांची चालण्या-फिरण्याची शक्ति सारखीच आढळली. मात्र न शिवलेली कंडरा पुन्हां तुटण्याचें प्रमाण शंभरांत सहा, तर शिवलेलीचें शंभरांत एकाहूनहि कमी होतें. उलट शस्त्रक्रियेंत जखम चिघळण्याचा किंवा ज्ञानतंतु दुखावण्याचा धोका अधिक. तेव्हां निवड रोग्याचें वय व प्रकृति पाहून करावयाची.

परंतु चार-सहा आठवडे उलटले म्हणजे हा सारा हिशेब बदलतो. पोटरीचा स्नायु आंखडून वरचें टोंक वर ओढून नेतो. मधल्या पोकळींत जो भरतो तो कंडरेचा धागा नव्हे, नुसता वणाचा चिखल. माझ्या पायांत ही पोकळी सहा सेंटिमीटरांची निघाली. अंतर थोडें असतें तर वरच्या स्नायूच्या पडद्यास इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा छेद देऊन तो खालीं सरकवितां आला असता. सहा सेंटिमीटरांस, आणि माझ्या वयास, तो उपाय एकटा पुरणार नव्हता. डॉक्टरांनीं सांगितलें, “तुमच्या पायाच्या अंगठ्याची कंडरा काढून टांचेस जोडूं.”

हें ऐकून घरांत जी खळबळ उडाली तिचें काय वर्णन करावें! आमचे वडील बंधु म्हणाले, “एक दोर तुटला म्हणून दुसरा धड दोर तोडावयाचा, हा कोठला न्याय?” आमच्या सौ. नीं बोलणेंच टाकलें. एरव्हीं शांत असलेला माझा मुलगा “बाबा, तुम्ही दुसऱ्या डॉक्टरांचें मत घ्या,” म्हणून हट्ट धरून बसला. आम्ही दुसरें मत घेतलें. तें पहिल्यासारखेंच निघालें. तरीहि माझें मन होईना. आणि तें झालें तें कोणा डॉक्टरामुळें नव्हे, तर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळें.

हा मुलगा चाळीस वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत होता. लहानपणीं पोलिओनें त्याच्या उजव्या पोटरीचा जीवच गेला होता. तो टांच आपटीत चाले, चवड्यांवर जोर देणें त्यास साधत नसे, आणि वर्गांतील पोरें त्यास ‘टापा’ म्हणत. मीं त्या पोरांस रागें भरलों नाहीं, हें आज लिहितांना बरें वाटत नाहीं. तो आतां पन्नाशीकडे आलेला, सरकारी नोकरींतला गृहस्थ. माझ्या दुखण्याचें वर्तमान ऐकून भेटीस आला. त्यानें मोजा काढून टांचेमागचा वण दाखविला. मॅट्रिकनंतर मुंबईस त्याच्यावर अशीच शस्त्रक्रिया झाली होती: पायाच्या बाहेरच्या बाजूच्या कंडरा सोडवून टांचेस बसविल्या होत्या. “गुरुजी, पहिले सहा महिने पाऊल माझें ऐकतच नसे,” तो म्हणाला. “मग एके दिवशीं ऐकूं लागलें.” आणि त्यानें ओसरीवर चार फेऱ्या घालून दाखविल्या. टापांचा आवाज नव्हता.

मग मीं या विद्येचा इतिहास थोडा चाळला. तिचा आरंभच टांचेपासून झाला आहे. १८८० च्या सुमारास निकोलादोनी या ऑस्ट्रियन शल्यविशारदानें पक्षाघातानें निकामी झालेल्या पोटरीच्या जागीं पायाच्या बाजूच्या धड कंडरा टांचेस जोडून पाहिल्या. पुढें पोलिओच्या सांथींनीं या कामास जगभर, दुर्दैवानें, भरपूर रोगी पुरविले. आपल्या देशांत ही कला वाढली ती कुष्ठरोग्यांच्या हातापायांवर. वेलोरास पॉल ब्रँड यांनीं १९४८ सालीं कुष्ठरोग्याच्या आंखडलेल्या बोटांवर अशी पहिली शस्त्रक्रिया केली. आपल्या महाराष्ट्रांत, इंग्लंडांत सर हॅरल्ड गिलीज यांच्या हाताखालीं शिकून आलेले डॉ. नोशीर अंटिया यांनीं पुण्याजवळ कोंढव्याच्या रुग्णालयांत हें काम हातीं घेतलें, आणि पुढें मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत सुघटनशल्याचा विभाग उभारला. कुष्ठानें ज्ञानतंतु मेला म्हणजे पाऊल पुढून लोंबूं लागतें व बोटें जमिनीवर घासटतात. तेव्हां पोटरीच्या खोल भागांतील एक कंडरा मागून पुढें आणून पावलाच्या वर बसवितात, आणि तिला ओढतां यावें म्हणून पुष्कळदां हीच टांचेमागची कंडरा थोडी लांबवितात. ज्या रोग्यांस गांवांत कोणी पाणी देत नसे, त्यांच्या पायांवर पारखलेली ही कला आज आमच्यासारख्यांच्या उपयोगीं पडते आहे. पोलिओचें निर्मूलन झाल्याचा दाखला आपल्या देशास २०१४ सालीं मिळाला. त्यापुढील मुलांस ‘टापा’ हें नांव मिळणार नाहीं. परंतु जुन्या फाटलेल्या टांचांसाठीं अंगठ्याच्या कंडरेचा उपयोग १९९० नंतर अमेरिकेंत रुळला व सर्वत्र पसरला.

अंगठ्याचीच कंडरा कां? वडील बंधूंच्या प्रश्नाचें उत्तर येथें आहे. अंगठा खालीं वळविणारा स्नायु पोटरींतच, तुटलेल्या कंडरेच्या अगदीं पाठीस पाठ लावून असतो. दूरचा दोर आणावा लागत नाहीं. तो चांगला बळकट आहे. त्याचा मांसल भाग टांचेच्या जवळपर्यंत उतरतो, म्हणून ज्या जागीं रक्त कमी त्या जागीं तो आपल्याबरोबर रक्त घेऊन येतो. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, चालतांना पाऊल मागें रेटण्याच्या ज्या क्षणीं पोटरी ओढते, त्याच क्षणीं हाहि ओढतो. म्हणून मेंदूस नवा धडा शिकविण्याचे श्रम कमी. सोंदूर नाड्याच्या जागीं बांधावयाचा, पण बैल त्याच दिशेनें चालणारे. अंगठा अगदीं मरत नाहीं. त्याचें शेंड्याचें पेर पूर्वीसारखें वळत नाहीं इतकेंच, बुडाचें पेर वळविणारा लहान स्नायु पावलांतच वेगळा असतो. नर्तकास किंवा धांवणाऱ्यास ही उणीव भासेल. संध्यावंदनास व बाजारास जाणाऱ्या मास्तरास भासत नाहीं.

लोणारची कथा वाचकांस ठाऊक आहेच. लवणासुर जमिनीखालीं दडून बसला, तेव्हां दैत्यसूदन विष्णूनें पायाच्या अंगठ्याच्या नुसत्या स्पर्शानें त्या विवराचें झांकण उडवून दिलें. डॉक्टरांस ही कथा सांगितली, तर ते म्हणाले, “मग तुमचा अंगठाहि कामाचा निघेल.”

शस्त्रक्रिया दीड तास चालली. कमरेखालचा भाग बधिर केला होता, म्हणून मी जागाच होतों. वणाचा भाग कापून काढला, अंगठ्याची कंडरा घोट्यामागून सोडविली, टांचेच्या हाडास वरून भोंक पाडून तींत ती ओंवली आणि एका स्क्रूनें आंत आंवळून बसविली. वरचा पोटरीचा जुना तुकडाहि तिच्या अंगास शिवला. पंधरा दिवसांनीं टांके काढले. सहा आठवडे डावें पाऊल जमिनीस लावावयाचें नाहीं, अशी सक्त ताकीद होती; या वयांत कुबड्यांवर घरभर हिंडणें म्हणजे काय, तें ज्याचें त्यास ठाऊक. मग पट्ट्यांचा बूट, त्यांत टांचेखालीं पाचरी, आणि दर पंधरवड्यास एक पाचर कमी. टांचेमागचें कातडें पातळ, त्यामुळें जखमेची काळजी फार. मधुमेह असेल तर साखर आधीं आटोक्यांत आणतात, आणि तंबाखू खाणारास ती सोडण्याविषयीं डॉक्टर निक्षून बजावतात; तंबाखूनें जखम भरत नाहीं.

आणखी एक गोष्ट, जी मी मुद्दाम लिहितों. “दुखापतीपूर्वीं कांहीं औषध चालू होतें काय?” असें डॉक्टरांनीं विचारलें होतें. लोणारास जाण्यापूर्वीं तीन आठवडे मला खोकला व ताप होता. त्यासाठीं लिव्होफ्लॉक्सासिनच्या गोळ्या आणि दम लागतो म्हणून स्टेरॉइड घेतलें होतें. या जातीच्या जंतुनाशक गोळ्यांनीं (सिप्रोफ्लॉक्सासिन हीहि त्याच जातीची) क्वचित् कंडरा दुबळी होऊन तुटते. साठीपुढील माणसांत आणि स्टेरॉइडच्या जोडीनें हा धोका वाढतो, म्हणून अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें २००८ सालापासून त्यांवर चौकटींतील इशारा छापविला आहे. औषध वाईट असें नव्हे; कित्येक रोगांत तें प्राण वांचवितें. परंतु मागच्या वेळची चिठ्ठी दाखवून दुकानांतून त्याच गोळ्या पुन्हां आणण्याची जी आपल्या घरांतून संवय आहे, ती मलाहि होती. तशा गोळ्या चालू असतां टांचेमागें दुखूं लागलें, तर तेव्हांच डॉक्टरांस कळवावें व जिन्याचें चढणें-उतरणें थांबवावें.

आज शस्त्रक्रियेस चार महिने झाले. काठी हातांत असते, पण तिच्यावर भार टाकीत नाहीं. दोन्ही पायांच्या चवड्यांवर उभा राहतों. एकट्या डाव्या चवड्यावर अजून नाहीं, आणि कदाचित् पूर्वीसारखा कधींच राहणार नाहीं, असें डॉक्टर स्पष्ट सांगतात. डावी पोटरी उजवीपेक्षां बारीक दिसते, ती तशीच राहावयाची.

दवाखान्यांतून पहिल्या दिवशीं परत आलों, त्या रात्रीं मीं पुतण्याच्या मुलास जवळ बोलाविलें आणि सर्वांदेखत म्हटलें, “तूं दगड मारला नव्हतास. चूक माझी होती.” तो कांहीं बोलला नाहीं, खालीं मान घालून उभा राहिला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मात्र माझ्या पलंगाशीं येऊन त्यानें विचारलें, “आबा, पोटरी दाबून पाहतात ती कशी?” मीं त्यास दाखविलें. तेव्हांपासून तो घरांतील प्रत्येक माणसास पालथें निजवून पोटरी दाबीत सुटला आहे. काल वहिनींची पाळी होती.